उथळ कडेचं चाक

मुलीच्या बारावीच्या वर्षी मी तिची विजेवरची छोटी आगगाडी माळ्यावर टाकली आणि देवणीहून तिला लातूरच्या क्लासला धाडलं. ती आजारी पडून परत आली, तोवर माझे डोळे उघडले नव्हते. ही चूक सुधारायची म्हणून मी गाडी खाली काढली आणि गंजलेली चाकं बदलली. चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड जितकी खोल, तितकी गाडी पक्की, असं वाटून मी खोल कडेचीच चाकं निवडली. पण गाडी सारखी रुळावरून उतरू लागली.

गाडी आणि रूळ घेऊन आम्ही दोघं लातुरात लेथवर सुटे भाग घडवणाऱ्या एका खरादीकडे गेलो. त्याचं नाव मी विचारलंच नाही. चष्मा कपाळावर ठेवून तो चाक अंगठ्याच्या नखानं तपासू लागला.

"ही चाकं कुणी निवडली?"

"बाबांनी. त्यांना सगळं घट्टच लागतं," मुलगी म्हणाली.

तो हसला. "कड लई खोल हाय, सर. रुळाच्या खिळ्यांला धडकून राहिली. गाडी कडेच्या धाकानं चालत न्हाई. चाकाला जरा उतार द्या, ती आपणच मधी येती."

माझी मान खाली गेली.

त्यानं कड कमी केली, चाकांना किंचित उतार दिला आणि दुकानाच्या फरशीवरच रूळ जोडायला लावले. मुलीनं वेग वाढवला. वळण आलं तसा माझा हात सवयीनं पुढे गेला.

"हात काढा, बाबा!"

मी काढला. पाचही डबे वळण घेऊन सुसाट निघाले.

"निकल गई!" खरादी ओरडला. कितीतरी महिन्यांनी मुलगी खदखदून हसली. दुसऱ्या फेरीला मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतो.