व्हिएन्ना ते ॲम्स्टरडॅम, जेमतेम दोन तास

आमच्या नागोयाच्या इमारतीतल्या कल्पनाताई मुळातच संशयी. त्यात बारा वर्षं जपानात राहून त्या संशयाला चांगली धार आलीय. इथे गाडीला मिनिटभर उशीर झाला तरी स्टेशनवर माफी मागतात. त्यामुळे ठरल्या वेळी जो पोचत नाही, त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांचं ठाम मत. नवऱ्याला यायला उशीर झाला की त्या आधी मेट्रो वेळेवर आहे का ते बघतात, मग चहा टाकतात. मला त्यांचा रागही येतो आणि त्यांच्या हातची थालीपिठं सोडवतही नाहीत.

परवा रविवारी संध्याकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर टेबलावर टॅब उघडा. त्यांची लेक नेत्रा व्हिएन्नात शिकते. त्या दिवशी ती नोकरीच्या मुलाखतीसाठी ॲम्स्टरडॅमला निघाली होती. ताईंनी सगळं शोधून ठेवलेलं. हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आत, विमानाला जेमतेम दोन तास. विमान वेळेवर उतरल्याचंही तिथे दिसत होतं. पण ‘गेटवर पोचले’ या मेसेजनंतर पोरीचा पत्ता नव्हता. फोन लागत होता, उचलत नव्हती.

एवढ्या वेळात एसटीसुद्धा साताऱ्याला जाऊन पुण्याला परत येईल, असं ताई म्हणाल्या. त्यांच्या मते मुलाखत वगैरे सगळी थाप होती. कुणीतरी मुलगा होता, आणि मागच्या महिन्यात फोनवर जो खोकला ऐकू आला तो त्याचाच होता. खोकला कुणाचाही असेल, असं मी म्हटलं, तर मी त्या मुलाची मावशी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उदयराव, म्हणजे त्यांचे यजमान, समोर मान खाली घालून मटार सोलत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं. ताईंना ते बरोबर दिसलं. एवढ्यात उदयरावांचा फोन वाजला आणि त्यांच्याआधी ताईंनी तो उचलला. मेसेज नेत्राचा होता. ‘बाबा, दुसऱ्या विमानात बसले. आईला सांगू नकोस.’

मग उदयरावांनी सगळं सांगितलं. रात्रभर अभ्यास करून पोरीचा गेटवरच डोळा लागला आणि विमान गेलं. ती एकटीच रडत बसली होती. उदयराव दुपारपासून गॅलरीत जाऊन जाऊन तिच्याशी बोलत होते.

“मला का नाही सांगितलं?” ताईंनी विचारलं.

“तू आधी ते खरं आहे का बघितलं असतंस,” उदयराव म्हणाले. “ती रडत होती गं.”

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. ते बोलणं त्यांना फार लागलं होतं. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला जेवूनच जा म्हटलं, मीही थांबले.

जेवणं उरकल्यावर नेत्राचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला. पोचले, विमानच लेट झालं होतं, असं ती घाईघाईनं सांगत सुटली. ताईंनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही.

“दमली असशील बाळा,” त्या म्हणाल्या. “काहीतरी खा आणि जरा पड.”

 मग नेत्रा हळूच म्हणाली, “आई, काय झालंय? बाबा बरा आहे ना? खरं सांग मला.”