हवेचा नमदा

माझे दाजी, पिथर्मोस, पन्नाशीला येईपर्यंत कधी मोठ्यानं बोललेले मला आठवत नाहीत. मिलेटस शहरात, बंदरामागच्या गल्लीत त्यांचं नमद्याचं दुकान होतं. ओली लोकर चटईत गुंडाळायची, पायांनी रगडायची, गरम पाणी ओतायचं, पुन्हा रगडायची, की तिचा घट्ट, जाड नमदा होतो. त्याच्या टोप्या खलाशी घ्यायचे, अस्तरं शिपाई घ्यायचे. शेजारीच माझी खारवलेल्या मासळीची वखार. माझी थोरली बहीण, क्लेनोताई, सगळ्यांना सांगायची, "माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा तर त्याच्या पायावर पाय द्यावा लागतो."

एका दुपारी आम्ही दोघं टोप्यांची गाठोडी घेऊन बंदरावर निघालो होतो. खांबांच्या ओसरीत गर्दी जमली होती. जहाजवाल्यांचा धाकटा मुलगा इव्हान्द्रोस बोलत होता. पोरगा हुशार, घरचं बरं, त्यामुळे विचार करायला सवड भरपूर. तेव्हा गावात एक मत फिरत होतं, तेच तो सांगत होता.

"सगळं मुळात एकच आहे. हवा! ती दाटली की वारा, आणखी दाटली की ढग, मग पाणी, मग माती, मग दगड. विरळ झाली की विस्तव. लोकर दाबली की नमदा होतो ना, अगदी तसं."

धप्पकन आवाज झाला. दाजींच्या हातातलं गाठोडं खाली पडलं होतं आणि टोप्या लोकांच्या पायांत घरंगळत होत्या.

"थांबा, धाकटे मालक! शेवटचं परत बोला!"

इव्हान्द्रोस दचकला. त्यानं परत सांगितलं. मग म्हणाला, "काका, तोंड उघडून हातावर श्वास सोडा. ऊन लागतो की नाही? आता ओठ आवळून फुंका. गार! हवा तीच, नुसती दाबली गेली."

दाजींनी श्वास सोडला, फुंकर मारली. पुन्हा सोडला, पुन्हा मारली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीला चैन नाही. पाण्याला निघालेल्या बायकांना दाजी वाटेत अडवायचे, "घागर खाली ठेवा, हातावर फुंका!" बायका खिदळत फुंकायच्या. टोपी घ्यायला आलेला खलाशी तासभर दगडांविषयी ऐकून टोपी न घेताच जायचा.

"कीद्रो," मला म्हणायचे, "तू, मी, तुझी ही वास मारणारी मासळी, अपोलोच्या देवळाचे खांब, सगळं एकच रे! मी आयुष्यभर जे पायांनी केलं, तेच हे जग करतंय!"

"मग आज जेवायला दगड वाढते," ताई आतून म्हणाली. "एकच तर आहे सगळं."

पण दाजी आता नुसत्या बोलण्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी बकऱ्याच्या कातड्याची पखाल आणली, फुंकून टम्म फुगवली आणि तोंड आवळून बांधलं. हवा दाबली तर पाणी झालं पाहिजे. वर दगड ठेवले, मला बसवलं, शेवटी ताईच्या हातापाया पडले, "तू पण बस ना गं." ताई कपाळावर हात मारून बसली. पखाल अशी फाटली की आम्ही दोघं उताणे आणि समोरची कोंबडी छपरावर!

दाजी फाटक्या कातड्यात हात घालून ओरडले, "ओलं आहे! आतून ओलं आहे! पाणी झालं!"

"अहो, ती तुमची थुंकी आहे," ताई धूळ झटकत म्हणाली.

दाजींनी बोट नाकाशी नेलं. सकाळच्या कांद्याचा वास आला असावा, कारण त्यांनी ते बोट कातड्याला पुसलं. आणि मग आमच्यापेक्षाही मोठ्यानं हसले.

तो हिवाळा मात्र त्यांना जड गेला. एक दिवस काम करता करता ते थांबले आणि हातातला नमदा ओढून, विंचरून पाहू लागले. तुकडे पडले, पण लोकर काही सुटी झाली नाही.

"घोटाळा आहे," ते म्हणाले. "नमद्याची लोकर परत होत नाही. मग एव्हाना सगळ्या हवेचा दगड का नाही झाला?"

तसेच ओल्या पायांनी इव्हान्द्रोसकडे गेले. मला वाटलं, तो चिडेल. पण तो म्हणाला, "काका, बसा. पाणी उकळलं की वाफ होतेच, एवढं मला दिसतं. पण दगडाचं काय, ते मलाही सांगता येत नाही. तुम्ही आलात ते बरं झालं. इथे सगळे नुसत्या माना डोलावतात." तेव्हापासून दोघांची बैठक जमली ती कायमची.

वसंतात मी मासळी घ्यायला होडीनं मायान्द्रोस नदीच्या मुखाकडे निघालो. दाजी म्हणाले, मीही येतो. आमच्या आजोबांनी जिथे होड्या बांधल्या, तिथे आता गाळ साचून बोरू उगवलेत. पाण्याची माती कशी होते, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. होडी स्कोपास नावाचा म्हातारा नावाडी चालवत होता.

आखाताच्या मध्यावर आलो आणि धुकं उतरलं. एवढं दाट, की मला होडीचं दुसरं टोक दिसेना. जवळच खडक आहेत हे तिघांनाही ठाऊक. स्कोपासनं वल्हं उचलून धरलं आणि तो समुद्रदेव पोसायडनची करुणा भाकायला लागला. मी होडीची कड घट्ट धरून बसलो.

आणि दाजी होडीत उभे राहिले!

"बसा, दाजी! उलटेल!"

"कीद्रो, हात लाव! टोपीला हात लाव!" त्यांच्या टोपीच्या केसाकेसावर थेंब दाटले होते. "आत्ता हवा होती, आत्ता पाणी झालं! आपण चटईच्या आत आहोत रे! आपल्या भोवतीच रगडणं चाललंय!"

"याला गप्प बसवा," स्कोपास खेकसला, "नाहीतर मीच पाण्यात ढकलतो."

मी दाजींना कमरेला धरून खाली ओढलं. ते हसत होते, दाढीतून पाणी ठिबकत होतं. खरं सांगतो, त्यांना धरल्यावर माझीही भीती पळाली. मीही तोंड उघडून ते धुकं जिभेवर घेतलं.

मग ऊन चढलं. धुक्याला आधी भोकं पडली, मग धागे सुटले, आणि बघता बघता ते नाहीसं झालं. समोर लात्मोसचा डोंगर लख्ख उभा. खडक हातभर अंतरावर होते. स्कोपासनं शिव्या देत होडी वळवली. दाजींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"सुटलं," ते हळूच म्हणाले. मग ओरडले, "सुटलं! उसवलं! हे माझ्या नमद्यासारखं नाहीच मुळी! माझी उपमा चुकली रे कीद्रो, चुकली!"

आपली चूक सापडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाळ बघायचं राहूनच गेलं. परत येताना सारखे म्हणत होते, "जोरात वल्हव ना बाबा, त्या पोराला सांगायचंय."

इव्हान्द्रोसनं सगळं ऐकलं आणि त्यांना मिठीच मारली. मग लगेच भांडायला लागला, "पण काका, धुकं सुटतं, दगड कुठे सुटतो?" ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. ओसरीत लोक मुद्दाम ऐकायला यायचे. कधी दाजी जिंकायचे, कधी तो. दुकानही आता बरं चालत होतं, कारण ऐकणारा प्रत्येकजण जाताना टोपी घेऊन जायचा.

गेल्या वर्षी एफेससचा एक तेलाचा व्यापारी माझ्याकडे आला. म्हणाला, तिकडे आता बोलतात की जग म्हणजे विस्तव आहे, पेटत आणि विझत राहणारा, कधीच न थांबणारा. मी शेजारी हाक मारली. दाजी आता सत्तरीचे, गुडघे आखडलेले, पण उंबरा असा ओलांडला, की जणू जत्रेला निघालेत.

"गाढव मिळेल का उद्या?" व्यापाऱ्याचं सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं.

"या वयात? एफेससला?" मी शेजारच्या दारातल्या ताईकडे बघितलं. ती नक्की ओरडणार.

ताई चादरीत सुके अंजीर आणि जवाच्या भाकरी बांधत होती.

"दोन गाढवं सांग," ती म्हणाली. "मीही जाणार. जन्मभर चूल मी फुंकली, आणि विस्तवाचं यांना दुसरंच कुणी सांगणार?"