उतार खालून शिकायचा

आमचे हे म्हणजे जन्माचे भित्रे. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. रात्री कडी लावायची, ओढून बघायची, परत ओढून बघायची, आणि अंथरुणावर पडल्यावर मला विचारायचं, "अगं, मी कडी बघितली ना?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे तो ब्रह्मराक्षस भाडेकरू होऊन राहिलाय.

अशा माणसाच्या हातात बेकरीच्या मालकाने मोटारसायकल दिली.

हे पाव पोचवतात. सगळा जन्म सायकलवर गेला, मागे पत्र्याची पेटी आणि पुढे घंटी. बेकरीच्या आत भट्टीपाशी काम करायचं तर पिठाने यांची छाती भरते, खोकला सुरू झाला की माणूस निळा पडतो. त्यामुळे फेरी आहे तोवर नोकरी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. टेकडीपलीकडे नवी वस्ती झाली, मालकाने तिथलं गिऱ्हाईक धरलं आणि यांना म्हणाला, "काका, तिकडे सायकल पुरायची नाही. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत गाडीवर वेळेत पाव पोचायला लागला पाहिजे. नाहीतर फेरी दुसऱ्याला देतो, तुम्ही आत या." तो काही दुष्ट नाही. पण भट्टीवर या म्हणजे घरी बसा, हे त्यालाही कळत होतं.

शिकवायला आमची लेक, भिंगरी. लहानपणापासून एका जागी ठरली नाही म्हणून हे नाव. ती गाडीवरून पार्सलं पोचवते. तिने पहिल्याच दिवशी बापापुढे हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट ठेवले. "हे घातल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही," म्हणाली. डोक्याला सवय व्हावी म्हणून हे हेल्मेट घालून भाजी निवडत बसायचे. मी म्हटलं, "अहो, मेथीची जुडी काय अंगावर येणार आहे?" हसले नाहीत. मग मी यांच्या जुन्या जाकिटाला कोपरांपाशी आतून गोधडीचे दुहेरी तुकडे शिवले. मला दुसरं काय येतं?

शाळेमागच्या रिकाम्या मैदानात शिकवणी सुरू झाली. आधी नुसतं इंजिन चालू करून बसायचं. मग क्लच हळूहळू सोडून पायांनी चालत गाडी पुढे न्यायची. मग पाय वर घेऊन सरळ रेघ, मग वळण. "बाबा, चाकाकडे नका बघू. जिथं जायचंय तिथं बघा." सगळं बरं चाललं होतं. एक दिवस गाडी फाटकाकडच्या बाजूला गेली. तिथं जमीन जराशी उतरती आहे. गाडीने वेग घेतला, आणि हे घाबरून डाव्या हाताने लिव्हर आवळून बसले.

सायकलवर डाव्या हाताला ब्रेक असतो आणि मोटारसायकलवर तिथंच क्लच असतो. क्लच आवळला की इंजिन चाकाला सोडून देतं आणि गाडी मोकळी पळते. जितकी पळाली तितका यांनी आवळला, आणि जितका आवळला तितकी ती पळाली. वाळूच्या ढिगात जाऊन आडवी झाली तेव्हाही यांची डावी मूठ वळलेलीच होती. गोधडीच्या तुकड्यांनी कोपर वाचलं.

मी घरी चिडवायला म्हटलं, "जित्याची खोड मेल्याशिवाय..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. जीभ चावली मी. त्या रात्री कडी मी उठून बघितली.

ही खोड आली कुठून, तेही सांगते. भिंगरी लहान असताना हे तिला सायकल शिकवत होते. उतारावर पोरीने उजवा, पुढचा ब्रेक एकदम दाबला आणि हँडलवरून तोंडघशी पडली. हनुवटी फुटली. तो व्रण अजून आहे. त्या दिवशी यांनी घरातल्या सगळ्या सायकलींचे पुढचे ब्रेक काढून टाकले, आणि बेकरीच्या सायकलचाही. तेव्हापासून डावा हात एवढाच यांचा ब्रेक, आणि उजव्या हाताला काही दाबायचं म्हटलं की यांना पोरीचं रक्त दिसायचं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण यांनी ताकाचं भांडंच फेकून दिलं होतं.

आणि भिंगरी सांगत होती, "बाबा, थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. झटका द्यायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. बरोबर उजव्या पायाने मागचा." हे मान हलवायचे. हात हलायचा नाही.

लायसन्सची परीक्षा पास झाले. सपाटीवर आठचा आकडा काढायचा होता, तो काढला. गाडीला दोन्हीकडे पावाच्या पेट्या लागल्या, फेरी सुरू झाली, हे वेळेवर निघायचे. तरी मालकाचा निरोप आला की पलीकडच्या वस्तीत पाव उशिरा पोचतोय, काकांना जमत नसेल तर सांगा. मला कळेना, हे एवढ्या लवकर निघतात आणि जातात कुठं.

एका सकाळी एक हातमोजा घरीच राहिला. मी पायऱ्यांच्या वाटेने टेकडीवर गेले, म्हटलं वरच्या टोकाला गाठीन. तर हे तिथं इंजिन बंद करून, गाडी हाताने धरून, पायी उतार उतरत होते. भरल्या पेट्यांचं ओझं गाडीला खाली ओढत होतं आणि गाडी यांना. टाचा रोवत होते, घसरत होते. एक मोठी गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली. हाक मारावीशी वाटली, पण दचकले आणि हात सुटला तर? मी भिंतीआड उभी राहिले आणि हातमोजा तोंडावर दाबून धरला. हा माणूस रोज मरण ढकलत खाली नेत होता आणि घरी येऊन चहात साखर कमी आहे म्हणत होता.

भिंगरीला सांगितलं. वाटलं, आता बापलेकीचं वाजणार. तिने ताटावर एवढंच विचारलं, "बाबा, उतार पायी उतरता?"

हे भाताकडे बघत म्हणाले, "भीती वाटते गं."

"वाटू दे. पण आपण उलटं शिकू. उतार वरून नाही, खालून शिकायचा."

तिची पद्धत अशी. सगळ्यात खालच्या दिव्याच्या खांबापाशी गाडी न्यायची, पेट्या काढून. पुढे थोडासा उतार, मग लगेच सपाटी. चुकलं तरी गाडी आपोआप थांबेल. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, इंजिनानेच गाडी धरून ठेवायची. डावी मूठ मोकळी ठेवायची. रोज संध्याकाळी तेच. ते अंगात मुरलं की वरचा खांब, मग त्याच्याही वरचा. मधल्या एका खांबावरून उतरताना यांनी पुन्हा क्लच आवळला, तर भिंगरीने दोन खांब खाली आणलं. ओरडली नाही. सकाळच्या फेरीला ती स्वतः गाडी खाली उतरवून द्यायची आणि मग आपल्या कामाला पळायची. महिना संपत आला तेव्हा हे रिकामी गाडी टोकावरून आणत होते. मग पेट्या लावून, त्यांत ओझ्यापुरती वाळू भरून आणली. एक मात्र राहिलं होतं. उतारावर अचानक थांबायची वेळ कधी आली नव्हती.

शेवटच्या दिवशी भरल्या पेट्या घेऊन हे एकटे निघाले. आम्ही दोघी खालच्या खांबापाशी उभ्या. नुकतं उजाडलं होतं. वर गाडीचा दिवा दिसला, दुसऱ्या गिअरचा घुरघुर आवाज आला. मी पदर मुठीत धरला होता. अर्धा उतार आले, पाऊण आले. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक टेम्पो मागे मागे येत थेट रस्त्यात निघाला.

"डावा नको," भिंगरी पुटपुटली. तिचा हात हनुवटीवर गेला होता.

मला बघवेना आणि डोळेही मिटवेनात. गाडीचं नाक खाली दबलं, आवाज खोल गेला, आणि टेम्पोच्या फळीपासून हातभरावर एक आचका देऊन इंजिन बंद पडलं. टेम्पोवाला काहीतरी बडबडला आणि निघून गेला. हे दोन्ही पाय टेकवून तसेच बसून राहिले.

आम्ही धावलो. भिंगरी हसत होती आणि रडतही होती. "आई, गाडी बंद पडली, बंद पडली," म्हणत होती. शिकाऊ माणसाची गाडी बंद पडली की लोक हसतात. पण क्लच आवळलाच नव्हता म्हणून ती बंद पडली होती. यांची डावी मूठ उघडी होती.

उजवी मात्र पुढच्या ब्रेकवर घट्ट आवळलेली. हेल्मेटच्या आतून बारीक आवाज आला, "सुटेना गं. हात सुटेना."

"सुटेल, बाबा." ती खाली वाकली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवायला लागली. तिची हनुवटी अगदी त्यांच्या तोंडासमोर होती. मोकळा झालेला हात यांनी तिच्या व्रणावर ठेवला, हातमोज्यासकट, आणि बराच वेळ काढला नाही.

मग मीच म्हटलं, "अहो, पाव गार होतोय."