एका दमात वाचणाऱ्या वसुधाताई

ऑफिसला जायला लंडनच्या स्टॅनमोर स्टेशनवरून ट्यूब रेल्वेत बसले होते, तेवढ्यात फोनवर अरविंदकाकांचा मेसेज आला. "वसुधा गेली. पहाटे, झोपेत. त्रास झाला नाही." तिन्ही पूर्णविराम जागच्या जागी. इतक्या वर्षांच्या संसारानंतर वसुधाताईंच्या नवऱ्याला दुसरं कसं लिहिता येणार, असं मनात आलं आणि मला भर डब्यात हसू फुटलं. मग रडू. पुढच्याच स्टेशनवर उतरले आणि उलट्या गाडीने घरी परतले... त्या दिवशी ऑफिस जमणारच नव्हतं.

वसुधाताई छातीच्या डॉक्टर. नागपूरहून तरुणपणी इथे आल्या, आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांमध्ये लोकांची फुप्फुसं तपासली आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी सकाळी आमच्या भागातल्या मराठी मुलांना आपल्या डायनिंग टेबलाभोवती बसवून शुद्धलेखन शिकवायला लागल्या. तेही अगदी कडक सोवळ्यातलं. गणपतीचं आमंत्रण आलं, की आधी फोन करून त्यातल्या चुका सांगायच्या आणि मग 'येते' म्हणायच्या. त्यांना साधा 'पोचलो' असा मेसेज टाकायचा तरी आम्ही दोनदा वाचून बघायचो.

माझ्या ईराला मी तिथे घातलं, ते खरं सांगायचं तर रविवारचे दोन तास मोकळे मिळावेत म्हणून. शाळेतल्या इंग्रजी ग्रामरची इतकी नावं तिला पाठ होती, की त्यांतली निम्मी मी ऐकलीही नव्हती. घरात मात्र तिचा कुत्रा 'येते' आणि आई 'येतो'. एकदा न राहवून मी म्हटलं, "ताई, ह्या मुलांना जन्मात कधी मराठीत अर्ज करायचा नाहीये. वेलांटी पहिली की दुसरी, काय फरक पडतो?" वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्जासाठी कोण शिकवतंय, मृणाल? उद्या हिला तुला मनातलं काही लिहावंसं वाटलं, तर हिला म्हणायचंय तेच तुझ्यापर्यंत पोचायला नको का?"

शिकवायची त्यांची रीत जगावेगळी होती. लाल पेन नाही, फुल्या नाहीत. मुलांनी लिहिलेलं त्या मोठ्याने वाचायच्या, जसं लिहिलंय अगदी तसंच. स्वल्पविरामाला जरासं थबकायचं, पूर्णविरामाला श्वास घ्यायचा, आणि पूर्णविराम दिलाच नसेल तर श्वासच घ्यायचा नाही. मुलं घाईघाईत पानभर सलग लिहून टाकायची. ताई वाचत सुटायच्या, चेहरा लाल व्हायचा, आवाज बारीक होत होत बंद पडायचा आणि त्या धाडकन टेबलावर डोकं टेकायच्या. "मारलंत मला, मेल्यांनो!" पोरं हसून लोळायची. पुढच्या रविवारी पूर्णविराम बिनबोभाट आपापल्या जागी असायचे.

आणि त्यांनाच फुप्फुसांचं दुखणं व्हावं... हळूहळू दम कमी होत जाणारं. नाकात ऑक्सिजनची नळी आली, कोपऱ्यात घरघरणारं मशीन आलं. काका म्हणायचे, वर्ग बंद कर. "रविवार काढून घेतलास तर आठवड्यात उरतं काय, अरविंद? गोळ्या!" आणि त्या वाचतच राहिल्या, अर्ध्या वाक्यात धापा टाकत.

मग मुलांचं लिखाण बदललं. 'आम्ही गेलो. पार्कमध्ये. तिथे. बदकं होती.' दर दोन शब्दांनी पूर्णविराम. ईराला न्यायला आलेली मी दारात उभी राहून ऐकत होते. मनात म्हटलं, इतक्या रविवारांची मेहनत पाण्यात गेली. ताईंनी एक कागद वाचला, दुसरा वाचला, मग चष्मा काढून ठेवला. "हे असं लिहायला कुणी सांगितलं?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी ईरा म्हणाली, "आजी, तुला दम लागते ना... सो वी थॉट, मध्ये मध्ये जागा देऊ. श्वास घ्यायला."

मी तशीच किचनमध्ये वळले. तिथे काका उगाचच नळ सोडून उभे होते. बाहेरून ताईंचा आवाज आला, "लागतो. दम लागतो." मग धाप टाकत म्हणाल्या, "हे बघा राजांनो, माझ्यासाठी वाक्य तोडायचं नाही. दमले तर मी थांबेन. तुमचं म्हणणं थांबता कामा नये."

त्या दिवसापासून मुलांनी एकमेकांचं लिखाण वाचायचं आणि ताईंनी डोळे मिटून ऐकायचं, असं ठरलं. मोठ्याने वाचण्यात त्यांचा जीव होता, ते त्यांनी असं सहज सोडून दिलं, हे मला त्यांच्या दुखण्याहून जास्त लागलं. बाकीची मुलं पुन्हा नीट लिहायला लागली. ईराची वाक्यं मात्र आखूड ती आखूडच. मी गाडीत रागावले, तर म्हणाली, "आई, आजी ऐकतानापण आपल्याबरोबर श्वास धरून ठेवते. तू बघितलं नाहीस?" मी खरंच बघितलं नव्हतं.

गेल्या रविवारी काकांनी मुलांना बोलावलं. "टेबल रिकामं बघवत नाही, या," एवढंच म्हणाले. मुलांनी आजीबद्दल लिहिलं, कागदांची अदलाबदल झाली, आणि ईराचा कागद वर्गातल्या सगळ्यात लहान सानिकाकडे गेला. 'आजी दार उघडायची आणि आधी शूज काढा म्हणायची आणि मग आपण काय लिहिलं ते न बघता आपण जेवलो का ते विचारायची आणि...' सानिकाचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तिने कागदावरून मान वर केली. "ईराताई, पूर्णविराम कुठेय?"

काकांनी वाकून कागद पाहिला. पानभर एकच वाक्य होतं.

ईरा मान खाली घालून म्हणाली, "आता आजीला दम लागणार नाही ना."

काकांनी सानिकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाच, बाळा. पुढे वाच." सानिकाने छाती भरून श्वास घेतला. तिच्याबरोबर टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी घेतला. मीसुद्धा.