रांगेचा मास्क

माणसाच्या तोंडाची मला किळस येते. पूर्वी येत नव्हती. पाइपलाइनच्या कामावर आम्ही नऊ जण एका तांब्यानं पाणी प्यायचो. कुणी अर्धी ओढलेली विडी पुढं केली तर मी ती ओढायचो. आता समोरचा बोलत असला आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं जमलेलं दिसलं, की मी मान फिरवतो. कोरोना गेला, रांगेची वर्तुळं पावसात धुऊन गेली, पण हे माझ्यात राहिलं ते राहिलंच.

मी इकडचा नाही. माझं गाव गोंदियाकडं, धानाच्या मुलखात. सहावीत शाळा सुटली आणि मग मुकादम नेईल तिकडं जात राहिलो. असाच राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बेंबळीच्या अलीकडच्या एका गावात आलो. चर खोदायचा, पाइप टाकायचे, बुजवायचं. लॉकडाऊनच्या आठवडाभर आधी एक पाइप घसरून माझ्या डाव्या पायावर आला आणि दोन बोटं चेंबटली. मग सगळंच बंद झालं. मुकादमानं फोन उचलणं सोडलं. बरोबरचे आठ जण एका सकाळी चालत गावाकडं निघाले. मी त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत गेलो आणि खाली बसलो. त्यांनी माझ्याजवळ पाण्याची बाटली आणि बिस्किटाचे दोन पुडे ठेवले आणि गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आम्ही ज्या दुकानातून किराणा घ्यायचो, त्याच्या पायरीवर मी येऊन बसलो. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "गोडाऊनमधी पड. पोत्यावर पाय टाकू नको म्हंजी झालं."

गोडाऊन म्हणजे दुकानाच्या मागची पत्र्याची खोली, त्यांच्या घराला लागून. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, त्या दिवशी पायाला हळद लावून चिंधी बांधली आणि भाकरी वाढली. मला ओळखपाळख नसताना वाढली. काकूंना दमा होता. बोलता बोलता थांबायच्या, खिडकीतला पंप घेऊन दोनदा ओढायच्या, मग राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

अण्णांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "हिला हे दुखणं झालं तर ही वाचायची न्हाय. दुकान बंद ठेवावं तर गाव खाईल काय? म्हणून तू दारात उभा राहा. रांग तुझी. बिगरमास्क एक माणूस उंबऱ्याच्या आत आला न्हाय पायजे."

मास्क मेडिकलमध्येही मिळत नव्हते. काकूंनी जुनी सुती साडी कापून माझ्यासाठी एक शिवला. निळी फुलं होती त्याच्यावर. शिवताना मशीन मध्येच थांबलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलं, मग पंपाचा आवाज, मग पुन्हा मशीन. एवढ्या लांब येऊन कुणी आपल्यासाठी काही शिवावं, हे मला नवीन होतं. 

दुकान सकाळी सात ते अकरा उघडं. मी घमेलं पालथं घालून त्याच्याभोवती चुन्याची फक्की टाकली, अशी दारापासून रस्त्यापर्यंत वीस वर्तुळं काढली. हातात एक वेळू घेतला. पहिल्या दिवशी गाव वर्तुळात उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं. तेव्हा लोकांनी वर्तुळात पिशव्या ठेवल्या, तेलाचे रिकामे डबे ठेवले, एकानं नुसती एक चप्पल ठेवली, आणि सगळे समोरच्या लिंबाखाली खांद्याला खांदा लावून बसले. पिशव्या तीन-तीन हातांवर आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर.

"वर्तुळात उभे राहा ना जी," मी म्हणायचो.

"माझी पिशवी हाय की उभी! तिला व्हतोय का कोरोना?"

सगळे हसायचे. त्यात मोठा आवाज पिठाच्या गिरणीवाल्याचा. माझं 'जी' त्याला फार आवडायचं. "ए जी! आपल्या गावाला जायला पाय न्हाय, आन हितं आमचा पोलीस झालाय व्हय रं?" असं म्हणून तो लिंबाच्या बुंध्यावर पिचकारी मारायचा. गुटखा मिळत नव्हता म्हणतात, पण लिंब गुडघ्याएवढा लाल झाला होता. त्याच्याच सावलीत बायका पोरं घेऊन बसायच्या.

दारातून मला सगळं दिसायचं. मास्क हनुवटीला. शिंक आली की तो खाली ओढायचा, शिंकायचं, पुन्हा वर घ्यायचा. आत गेलं की पोत्यात हात घालून शेंगदाणे चावून बघायचे, एखादा खवट निघाला तर हातावर काढून पोत्याच्याच काठाला पुसायचा. आणि अण्णा स्वतः? ते प्रत्येक पिशवी उघडताना अंगठा जिभेला लावायचे. त्याच पिशवीत साखर, त्याच पिशवीत डाळ. मी बघायचो आणि गप्प बसायचो. ज्याच्या गोडाऊनमध्ये झोपतो, त्याला काय सांगणार?

पण सगळ्यात घाण गोष्ट मीच सुरू केली.

एक म्हातारी वस्तीवरून चालत आली होती. तोंडाला पदर. पदर-रुमाल चालणार नाही, मास्कच पाहिजे, असं पोलीस आदल्या दिवशी अण्णांना दटावून गेले होते. मी वेळू आडवा धरला.

"साखर आन चहापत्ती, लेकरा. दुसरं काय न्हाय. एवढ्यासाठी परत जाऊन येऊ म्हनतोस का?"

तिच्या पायाला फुफाटा लागलेला. मला माझी आई दिसली का, तर नाही. मला माझाच पाय दिसला. मी माझा मास्क काढून तिला दिला. ती आत गेली, बाहेर आली, मास्कची घडी करून माझ्या हातात दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

तिच्या मागचा माणूस हात पुढं करून उभाच होता. "आन हिकडं."

"तुमचा कुठं आहे जी?"

"म्हातारीला दिलास, आन आमाला न्हाय व्हय?"

 मी परका. कुणाला तोंडावर नाही म्हणायची माझी तयारी कधी नव्हतीच. त्यानं घातला, आत गेला, बाहेर येऊन उंबऱ्यावरच पुढच्याच्या हातात दिला. मी वेळू घेऊन बघत राहिलो.

चार दिवसांत त्याला नाव पडलं, रांगेचा मास्क. ज्यांच्या घरी चांगले मास्क होते, तेही घरी ठेवून यायला लागले. एक बाई दुसरीला सांगत होती, "कशाला आपला खराब करायचा? तितं रांगेचा हाय की!" आत अण्णांना दिसायचं, येणारा प्रत्येक जण तोंड झाकून येतोय. निळी फुलं ओळखण्याइतकं त्यांना चष्म्यातून दिसत नसावं, किंवा दिसत असलं तरी त्यांनाही धंदा होता. मी तोंडाला गमछा गुंडाळून दारात उभा राहायचो. अकरा वाजता तो मास्क माझ्याकडं यायचा. ओला, गरम, मधोमध पिवळट झालेला. मी तो दोन बोटांत धरून मागं न्यायचो, साबणानं चोळायचो आणि गोडाऊनमधल्या तारेवर टाकायचो.

काकूंनी एकदा तो वाळताना बघितला. "रोज धुतोस," त्या म्हणाल्या. "शाना हाईस."

मी मान खाली घातली. सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर रांग जाईल, रांग गेली तर गोडाऊन जाईल, आणि पायाची बोटं अजून काळीनिळी होती.

मग एका मंगळवारी गिरणीवाला आत जाऊन आला. मास्क एका कानाला लटकत ठेवून तो लिंबाकडं पिचकारी मारत होता, तेवढ्यात वळणावर पोलिसांच्या गाडीचा हॉर्न वाजला. लिंबाखालची सगळी माणसं उठून वर्तुळांकडं पळाली. "ही माझी पिशवी!" "आरं सरक की, माझा डबा हाय ह्यो!" दोन बाप्ये एकाच वर्तुळात एकमेकांना धरून उभे. गाडी थांबली. शिपाई खाली उतरला आणि सगळ्यांना सोडून पहिल्यांदा माझ्याकडं आला.

"वेळू घेऊन उभा हाईस आन तुझाच मास्क कुठंय रे?"

"गमछा आहे जी."

"गमछा चालत न्हाय म्हणून सांगितलंय ना मालकाला? करू का दुकान सील?"

गिरणीवाल्यानं दात दाखवत कानावरचा मास्क काढला आणि माझ्यापुढं धरला. "घे की जी. तुझाच हाय."

मी तो घातला.

आतून तो चिंब होता. चहा, कांदा, गुटख्याचा गोडसर वास, आणि त्या सगळ्यांखाली एक आंबट वास, सकाळपासूनच्या सगळ्या तोंडांचा. सुपारीचा एक तुकडा माझ्या ओठाला चिकटला. शिपाई बोलत होता, हात किती वेळा धुवायचे, अंतर किती ठेवायचं, आणि मी मान हलवत होतो. श्वास रोखून किती रोखणार? घेतला. पुन्हा घेतला. दुसऱ्याचा श्वास पीत असल्यासारखं वाटत होतं. गाडी गेल्यावर मी गोडाऊनच्या मागं जाऊन ओकलो, आणि ओकून झाल्यावर हौदाच्या पाण्यानं तोंड इतकं घासलं की ओठ फुटला.

त्याच दिवशी चार वाजता काकूंनी नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहा दिला. "तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं. "ऊन लागलं," मी म्हणालो. कप घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

शुक्रवारी गिरणी उघडली नाही. शनिवारी सकाळी ॲम्ब्युलन्स आली आणि ताप आलेल्या गिरणीवाल्याला जिल्ह्याला घेऊन गेली. त्यानंतरची रांग मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या खिशातून मास्क निघाला! नवे, घडी न मोडलेले, काही तर प्लास्टिकच्या पाकिटातले. सगळे आपापल्या वर्तुळात उभे, लिंबाखाली चिटपाखरू नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताई वही घेऊन आल्या आणि रांगेत विचारू लागल्या, गिरणीवाल्याजवळ कोण कोण गेलं होतं? मास्क होता का सगळ्यांना?

"व्हता की."

"आपापला?"

"मग काय दुसऱ्याचा?" हे म्हणणारी बाई तीच, आपला खराब होऊ नये म्हणून घरी ठेवून येणारी. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कुणीच बघितलं नाही. मला सगळ्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि मग आठवलं की मीही गप्पच उभा आहे.

आशाताई पुढं गेल्या. अकरा वाजले. मी गोडाऊनमध्ये जाऊन बसलो आणि पाय धरून विचार करत राहिलो. बोललो तर दुकान बंद पडणार, गाव माझ्यावर उठणार, अण्णा हाकलणार, आणि या पायानं मी वेशीच्या पुढं जाऊ शकत नाही. नाही बोललो तर चार वाजणार. भिंतीपलीकडं काकू खोकल्या. रोजचाच खोकला असेल. मी मोजत बसलो, दोनदा पंप ओढला की तीनदा.

चार वाजता काकू कप घेऊन उंबऱ्यावर आल्या. मी उठलो नाही.

"काकू, तिथंच थांबा."

"का रं?"

मी सगळं सांगितलं. म्हातारीपासून सुरू केलं. गिरणीवाल्याचा मास्क मी घातला, त्या दिवशी कप घेताना तुमचा हात लागला, तेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आधी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी तारेवरच्या निळ्या फुलांकडं बघितलं आणि त्यांचं नाक आकसलं, ओठ मुडपले. एक पाऊल मागं सरकल्या आणि पदर तोंडावर घट्ट धरला. तो चेहरा मला माहीत होता. मी महिनाभर दारात उभा राहून सगळ्या गावाकडं त्याच चेहऱ्यानं बघत होतो.

अण्णा आतून आले. त्यांनी ऐकलं होतं. 

"तुला दार राखाय ठेवला व्हता," ते म्हणाले. "तूच उघडलंस."

मी माझी पिशवी आवरायला घेतली. त्यात होतं तरी काय, दोन शर्ट आणि चार्जर. वाकलो तेव्हा काकूंचा आवाज आला, पदराआडून, धाप लागलेला.

"कुठं निघाला त्यो?"

"जातो जी."

"आन गावभर... फिरणार? अजून कुणाला द्यायचंय? बस आत."

अण्णांनी आशाताईंना फोन लावला आणि दुकानाची फळी ओढली. गोडाऊनला बाहेरून कडी लागली. मला राग आला नाही. छातीवरचा दगड उतरला होता, आणि पत्र्याखाली मला थंड वाटत होतं.

पुढं काय होईल हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. काकूंना काही झालं नाही, मलाही नाही. गिरणीवाला सुकून परत आला आणि 'ए जी' म्हणायला लागला. दुकान पंधरा दिवसांनी उघडलं, आणि मी आजही त्याच दुकानात आहे. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मला वाटत होतं, आता या घरातून माझ्याकडं काही यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता कडी वाजली. दार वीतभर उघडलं. आधी एक काडेपेटी आत आली. "ते जाळ," काकू म्हणाल्या. मी मास्क दाराच्या फटीपाशी जाळला. निळी फुलं काळी होऊन गोळा झाली.

मग ताट आलं. माझाच रांगेचा वेळू हातात धरून, त्याच्या टोकानं त्या ताट आत ढकलत होत्या. तोंडाला दुहेरी पदर, मान एका बाजूला वळवलेली, डोळे बारीक केलेले. मेलेला उंदीर केरसुणीनं लोटताना बाई जशी करते तशी. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. ताट माझ्या पायापाशी आलं तशी दार लावून घेतलं.

दोन भाकरी होत्या, अजून गरम. शेंगदाण्याच्या चटणीत मधोमध बोटानं खळगा केला होता, आणि त्यात तेल घातलेलं होतं.