पितांबर आबा 'चाली जाई' म्हणत नाहीत

आमच्या आबांच्या तोंडात 'चाली जाई' हे शब्द नाहीत. आमच्या खान्देशात माणूस दिवसातून पन्नास वेळा 'चाली जाई', म्हणजे चालून जाईल, म्हणतो. चहात साखर कमी पडली, चाली जाई. गाडीत जागा नाही, दाराशी लटकू, चाली जाई. आबा मात्र प्रत्येक गोष्टीला एकच म्हणतात, "देखूत," म्हणजे बघू. माझं लग्न ठरलं तेव्हा बठ्ठे, म्हणजे सगळे, पाहुणे जेवून हात धुवून बसले, तरी या गृहस्थांचं "देखूत"च चालू होतं. माझ्या वडिलांची पाचावर धारण बसली होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा सासरा आपल्याला जड जाणार.

मी सुलक्षणा, त्यांची सून. माहेर धुळ्याचं, त्यामुळे नळाच्या पाण्याशिवाय दुसऱ्या पाण्याशी माझा संबंध नाही. आमचं गाव सोनगीरहून आत वळलं की दहा किलोमीटरवर आहे. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे. ते झालं तेव्हा गावाची निम्मी शेतं पाण्याच्या पलीकडे राहिली. आबा तेव्हा तरुण होते. त्यांनी तापीकाठच्या एका सुताराकडून लाकडी नाव करून आणली आणि मजूर, खत, कापूस, सगळं त्या नावेतून ने-आण करू लागले. फळ्यांच्या फटीत कापूस कोंबायचा आणि वरून डांबर ओतायचं, हे काम त्यांच्याइतकं सफाईने कोणाला जमत नसे.

बावीस वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत त्यांच्या धाकट्या भावाने, पुनाने, नावेच्या तळाशी बोट दाखवून विचारलं होतं, "आबा, आठे फट दिसस. डांबर लावूत का?" आबा घाईत होते. म्हणाले, "चाली जाई." पुना एकटाच कापसाच्या गोण्या घेऊन निघाला. मधोमध नावेत पाणी आलं, ते कापसाने पिऊन घेतलं, गोण्या दगडासारख्या जड झाल्या. पुना पोहत होता, पण गोणीच्या दोरात त्याचा पाय अडकला. त्याची मुलगी हेमांगी तेव्हा दोन वर्षांची होती. आबांनीच तिला वाढवलं. नाव ओढून आणून आमच्या लिंबाखाली पालथी घातली आणि त्या दिवसापासून ते दोन शब्द बोलणं सोडलं. हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. कळलं तेव्हा त्यांना मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्यांची मला लाज वाटली.

आता हेमांगी चोवीस वर्षांची आहे. आबांनी तिला कधी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही, आणि तिनेच हे डोक्यात घेतलं. गावातल्या अकरा बायकांचा बचत गट, धरणावर आठ कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या नावा, आजूबाजूच्या शाळांच्या मुली येतील, तासभर वल्हं मारतील. ग्रामपंचायतीची परवानगीही तिने आणली. गटाच्या अध्यक्ष कमलबाईंनी एकच अट घातली. "पितांबर आबा नाव तपासतील, ते हो म्हटले तर घेऊ. लोकांच्या लेकी आहेत, खेळ नाही."

"आबा, तुम्ही हो म्हणाल ना?" हेमांगीने विचारलं.

"देखूत," आबा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

नाव विकणारा चंदन जळगावहून नमुन्याची कयाक गाडीच्या टपावर बांधून संध्याकाळी घेऊन आला आणि आमच्या ओट्यावर ठेवून सोनगीरला मुक्कामाला गेला. गडद निळी, साडेनऊ फुटी, सगळं अंग प्लास्टिकचं. हेमांगी आणि मी दोघींनी ती सहज उचलली. वीस किलो भरते म्हणे. बसायची जागा वर उघडीच होती, आत पाय घालून अडकायचं काम नाही. आबांनी ती ठोकून पाहिली, वास घेतला, पालथी केली आणि तळाकडे बघत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले.

सकाळी मी अंगणात आले तर लिंबाखाली तीन दगडांवर डांबराचा डबा तापत होता आणि आबांच्या हातात कापूस होता. मला वाटलं, गुरांची टाकी गळते ती बुजवतायत. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नऊच्या सुमारास सगळे धरणावर जमलो. चंदनला फोनवरून फुरसत नव्हती. आधी आबा स्वतः बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर खोचून असा बसला की नावेला कळलंही नाही. मुद्दाम डावीकडे कलले, उजवीकडे कलले, वल्हं मारून एक फेरी घेतली. पाणी तेव्हा निवांत होतं. परत आले आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"सुलू, तू बस."

"मी? मला पोहता येत नाही, आबा!"

"म्हनूनच. ज्याले पोहता येस तो नावले सांभाळी लेस. माले भिनारं मानूस पाहिजे."

"मी बसते," हेमांगी पुढे झाली.

"तू नही." आबांचा आवाज एवढा चढला की बायका दोन पावलं मागे सरल्या.

मला असा राग आला म्हणता! सून म्हणजे काय प्रयोगाचा उंदीर आहे? पण अकरा बायका बघत होत्या आणि हेमांगीचा चेहरा एवढासा झाला होता. आलिया भोगासी म्हणत मी चंदनने आणलेलं तरंगायचं जॅकेट चढवलं, ओढणी कमलबाईंच्या हातात दिली आणि बसले. खरं सांगते, बसणं सोपं होतं. डुगडुगली, पण पडेन असं वाटलं नाही. दहा-बारा वल्ही मारली आणि चक्क हसू आलं. गावाकडे वळून हात केला.

आणि मग वारा सुटला. आमच्या धरणावर दहाच्या आसपास पश्चिमेकडून वारा येतो, रोजचाच. नावेचं तोंड एका बाजूला वळायला लागलं. सरळ करायला जावं तर लाट बाजूने आत येई. वल्ह्याचं पाणीही माझ्याच मांडीवर. आधी तळवे भिजले, मग घोटे बुडाले. मी डावीकडे जरा कलले की ते सगळं पाणी डावीकडे धावायचं आणि नाव आणखी कलायची.

"आबा!" मी ओरडले. "पाणी भरतंय!"

चंदन काठावरून हसत ओरडला, "घाबरू नका ताई! तळाला भोकं आहेत ना, ती त्यासाठीच असतात! आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं!"

निघून कुठे जातंय? पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. मी काठाकडे पाहिलं. आबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नाव अजून पालथी झालीही नव्हती आणि म्हातारा धोतरासकट पाण्यात उतरून माझ्याकडे पोहत सुटला होता. मला कळेना, हे आत्ताच का उडी मारतायत? त्या विचारातच मी त्यांच्या बाजूला वळले आणि नाव उलटली.

डोळ्यांपुढे हिरवं झालं. नाकातोंडात पाणी. जॅकेटने वर फेकलं, तरी माझे हात काहीतरी धरायला शोधत होते आणि काही सापडत नव्हतं. माझा मुलगा शाळेतून येईल, त्याला जेवायला कोण वाढेल, एवढंच डोक्यात. मग कोणीतरी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला.

"धरेल शे, सुलू. मी धरेल शे," आबा म्हणत होते. ते रडत होते. पालथी नाव शेजारीच तरंगत होती. तिच्या तळाला माझे हात लागले आणि मला काळे, गुळगुळीत बोळे दिसले, एकेका भोकात ठासून बसवलेले. कापूस आणि डांबर. सकाळचा डबा आठवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

काठावर आणलं, पाठ चोळली, चहा पाजला. कमलबाई चंदनवर तुटून पडल्या. "उचल तुझी नाव! आमच्या सुनेचा जीव घेतला असता! पोरींना यात बसवायचं?" बायकांनी त्यांची री ओढली. चंदन बिचारा "अहो, असं होतच नाही" एवढंच म्हणत होता. हेमांगी एका दगडावर खाली मान घालून बसली होती.

आबा गप्प होते. नाव उथळ पाण्यात कुशीवर पडली होती, तळ पलीकडे तोंड करून. बोळे फक्त मला माहीत होते, आणि त्यांना. आबा तसेच गप्प राहिले असते तर सगळं मिटलं असतं. नाव परत गेली असती, हेमांगी पाण्यापासून लांब राहिली असती, त्यांना हवं तेच झालं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती जड गेलं, ते मलाच ठाऊक.

आबा उठले. नाव ओढून तिचा तळ सगळ्यांसमोर केला. खिशातला चाकू काढून पहिला बोळा उपसला आणि कमलबाईंच्या हातावर ठेवला.

"पोराले बोलू नको, कमल. नाव चांगली शे. चूक मनी शे." त्यांनी दुसऱ्या बोळ्याला चाकू लावला. "नावमा भोक देखं आनि डोयापुढे पुनाच. मी बठ्ठी भोके बुजी टाकात. कोनले इचारं नही."

आबांनी एकेक करून सगळे बोळे काढले. शेवटचा निघाला तसा ते माझ्याकडे वळले, पण त्यांच्याने मला विचारवेना. मग मीच उठले.

"बसते परत. केस तर भिजलेच आहेत," मी म्हटलं. "पण आबा, या वेळी कापूस गादीत राहू द्या!"

या वेळी आबा नावेला धरून छातीभर पाण्यात चालत आले. त्यांनी मुद्दाम दोन्ही हातांनी पाणी आत लोटलं. ते घोट्याशी चढलं, भोकांतून गुळगुळ करत खाली गेलं. पुन्हा लोटलं, पुन्हा गेलं. मग म्हणाले, "आते पालथी कर." मी देवाचं नाव घेऊन पालथी केली आणि तिसऱ्या खेपेला, पोटावर आडवी होऊन, माझी मी वर चढले. काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन आबांनी कमलबाईंना सांगितलं. बसायला सोपी. दोन बायका उचलतील. उलटली तर बुडत नाही, पोरगी परत चढेल, पण आधी काठाशी सगळ्यांना ते शिकवायचं. वाऱ्यात सरळ जात नाही, म्हणून वारा असेपर्यंत एकही नाव पाण्यात नको, कोणी कितीही म्हटलं तरी.

"म्हणजे हो?" कमलबाईंनी विचारलं.

आबा दगडाकडे गेले. माझं ओलं जॅकेट त्यांनी हेमांगीच्या अंगात चढवलं, एकेक पट्टा आवळला, ओढून पाहिला, परत आवळला. ती लहान मुलीसारखी हात वर करून उभी राहिली. वारा एव्हाना पडला होता; तिला हाताला धरून त्यांनी नावेत बसवलं.

"आबा, नक्की?" तिने विचारलं.

आबा पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चाली जाई, माय."

आणि नाव पुढे लोटून, ती फेरी मारून परत येईस्तोवर, ते छातीभर पाण्यात तसेच उभे राहिले.