ऑर्कनीचा आचारी

कोणतीही बातमी सांगितली की मयेकर एकच प्रश्न विचारायचे. कोणाला नोकरीवरून काढलं, कोणाचं सामान घरमालकाने जिन्यात आणून ठेवलं, कुठल्या देशात कोणी सरकार उलथवलं, काहीही असो. झारा हातात धरून ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते झालं वयनी. पण करायला लावलं कुणाला?"

सुरुवातीला मला वाटलं, माणूस भोचक आहे. नंतर कळलं की हा प्रश्न त्यांनी फार लांबून आणलेला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. सिंगापूरला नाना आणि बापू सामंत या दोन चुलतभावांची कंपनी होती. बंदरात आलेल्या जहाजांना धान्य, भाजी, मांस पुरवायचं आणि पुढच्या जहाजाची वाट बघत थांबलेल्या खलाशांना दोन वेळचं जेवायला घालायचं, हा धंदा. सेरंगूनला ऑफिस आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. ऑफिस मी सांभाळायची. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलगी बिशानला शाळेत. आम्हा दोघींचं तिथलं राहणं माझ्या नोकरीवर आणि नोकरी नानांच्या सहीवर अवलंबून होती.

शांताराम मयेकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वीस-बावीस वर्षं जहाजांवर चीफ कुक होते, मग गुडघे गेले म्हणून किनाऱ्यावर आले. ठेंगणे, रुंद, कानांवर पांढरे केस. दुपारी तीनला खलाशी जेवून गेले की मी स्वयंपाकघरात माझं ताट घेऊन बसायची. मयेकर भिंतीला टेकून पाय लांब करायचे आणि ऑर्कनीवर यायचे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ही बेटं आहेत. इंजिन बिघडल्यामुळे मयेकरांचं जहाज एका हिवाळ्यात तिथे सहा आठवडे अडकलं होतं. झाड नाही, ऊन नाही, नुसता वारा. बाजारहाटासाठी ते गावात जायचे. तिथे लाल दगडाचं एक मोठं चर्च होतं आणि ते झाडणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना तिथल्या जुन्या राजवटीची गोष्ट सांगितली. आठ-नऊशे वर्षांपूर्वी त्या बेटांवर नॉर्वेहून आलेल्या लोकांचं राज्य होतं. त्यांच्या सरदाराला अर्ल म्हणत. मला कुतूहल वगैरे नव्हतं, पण जेवताना कोणी बोलत असलं की बरं वाटायचं.

"अर्ल म्हणजे काय हो मयेकर? राजा?"

"राजा कसला. राजा लांब नॉर्वेत. आणि खाडीपलीकडच्या जमिनीसाठी दुसरा राजा, स्कॉटलंडचा. दोन धनी. अर्ल म्हणजे ज्याच्या घरी हिवाळाभर जेवण मिळतं तो. चाळीस-पन्नास माणसं पोसायची, उन्हाळ्यात त्यांना होड्यांत घालून लुटालूट करायला न्यायची."

"आणि मेला की?"

"मेला की बेटांचे तुकडे. भाऊ अर्धं मागणार, पुतण्या तिसरा हिस्सा मागणार. आपल्याकडे चालतं तेच, फक्त कुऱ्हाडी घेऊन."

त्यातली एक गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. दोन चुलतभाऊ मिळून अर्लपद चालवत होते. पुढे बिनसलं. एका छोट्या बेटावर भेटून मिटवायचं ठरलं, प्रत्येकाने दोनच जहाजं आणायची. एकाने दोन आणली, दुसरा आठ घेऊन आला. दोन जहाजंवाल्याने हात जोडून सांगितलं, मला यात्रेला पाठव, मी परत येत नाही. नाही तर कोंडून ठेव. नाही तर डोळे काढ, पण भावाच्या खुनाचं पाप घेऊ नकोस. चुलतभाऊ शेवटचं कबूल करायला तयार होता. त्याची माणसंच म्हणाली, दोन अर्ल आता पुरे, एक जगेल. मग मारायचं कुणी? आधी निशाण धरणाऱ्याला सांगितलं. तो भडकला, नाही म्हणाला.

"त्याचं काय वाकडं झालं नाही," मयेकर म्हणायचे. "मग खाली बघत बघत आले आचाऱ्यापर्यंत. आचारी मोठ्याने रडायला लागला. मरणारा अर्लच त्याला म्हणाला, रडू नको. माझ्या अंगावरचे कपडे तुला मिळतील, तसा रिवाज आहे. समोर उभा राहा आणि डोक्यावर घाव घाल."

"आणि घातला?"

"घातला."

"रडून काय उपयोग मग? त्यानेही नाही म्हणायचं. हात बांधले होते का कुणी?"

मयेकर माझ्या ताटाकडे बघायचे. "आमटी वाढू?"

माझी मुलगी शनिवारी ऑफिसात यायची. तिला ही गोष्ट पाठ होती. "अंकल, सेम स्टोरी ला," असं सिंगापुरी इंग्रजीत म्हणत ती भजी उचलून पळायची.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी एका जहाजावरचे खलाशी आमच्या कोंबडीने आजारी पडले. कोणी दगावलं नाही, पण कप्तानाचं कडक पत्र आलं. आमच्याकडचा डीप फ्रीझर रविवारी बंद पडला होता. मयेकरांनी माल हुंगून सोमवारी सकाळी नानांना सांगितलं होतं, हा पाठवू नका. जहाज दुपारी सुटणार होतं. नाना म्हणाले, जाऊ दे. बापू त्या दिवशी ऑफिसात नव्हतेच.

पण नाना-बापूंचं वर्षभर पटत नव्हतं आणि नानांना आयतं निमित्त मिळालं. आधी समेटाची बैठक ठरली, आमच्याच स्वयंपाकघरात जेवण करून. दोघांनी एकेक माणूस आणायचा. बापू बायकोला घेऊन आले. नाना दोन टॅक्स्या भरून माणसं घेऊन आले. मयेकर खिडकीतून बघत होते.

"वयनी, पानं किती मांडू?" त्यांनी विचारलं. मीही खिडकीशी गेले. त्यांनीच मोजून मांडली.

बापू म्हणाले, मी माझा हिस्सा लिहून देतो, गोदामात बसतो, पण माझ्या नावावर डाग ठेवून मला घालवू नका. नाना आपल्या माणसांकडे बघत होते. त्यांच्याबरोबर आलेले म्हणाले, गिऱ्हाइकाला दोषी म्हणून कोणी तरी दाखवावं लागेल.

मग कागद तयार झाला. माल खराब असल्याचं मयेकरांनी बापूंना सांगितलं होतं, तरी बापूंनी तो पाठवला, असं त्यात होतं. खाली साक्षीला कोणाची तरी सही हवी होती. टाइप मी केला. नानांनी तो आधी गोदामाच्या डिसोझाला दिला. डिसोझाला तिथला कायमचा रहिवास मिळालेला होता. त्याने कागद टेबलावर आपटला. "दुसरा कोणी तरी बघा, साहेब."

दुसऱ्या दिवशी नाना कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. पेन माझ्याकडे होतं म्हणून मीही गेले. मयेकरांनी हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"नाना, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. बापूंना नाही."

"मयेकर, तुमचा इथला कामाचा पास पुढच्या महिन्यात संपतो ना?"

"संपतो."

"मग?"

"मग यंदा नका वाढवू."

नाना पाच मिनिटं बोलत होते. मयेकरांनी कांदे चिरायला घेतले. गावी त्यांच्या भावाने घर बळकावलं होतं, परत जाऊन राहायला त्यांना स्वतःची खोलीसुद्धा नव्हती. हे नानांना माहीत होतं, मलाही.

तीन वाजता मी विचारलं, "जाणार कुठे तुम्ही?"

"मेव्हण्याकडे. पडवीत." ते भिंतीला टेकले. त्या दिवशी ते फार थकलेले दिसले. "ऑर्कनीहून निघालो ना, त्यानंतर त्याच जहाजावर कप्तानाने माझी सही घेतली होती. थर्ड इंजिनिअर दारू पिऊन ड्युटीवर होता म्हणून. पुढच्या बंदरात उतरवला त्याला. तो माणूस चहासुद्धा अर्धा कप प्यायचा, वयनी. घाव एकदा घातलाय मी. आता हात उठत नाही."

शुक्रवारी नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागदात एक ओळ बदलायची होती. मयेकरांनी बापूंना सांगितलं ते मी ऐकलं, एवढंच. नाना धमकी वगैरे देत नव्हते. मुलीची परीक्षा कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी ओळ बदलली, पुन्हा टाइप केलं आणि सही केली. दहा मिनिटांचं काम.

पास संपायची वाट न बघता पुढच्या आठवड्यात मयेकर निघाले. चांगी विमानतळावर पोचवायला मी एकटीच होते. एक बॅग, एक झारा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. रांगेत उभं असताना मी सांगितलं, "बापूंना काल पत्र मिळालं. तेही जातायत. सही झाली शेवटी."

मी वाट बघत होते. दोन वर्षांत अशी एकही बातमी नव्हती की ज्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी विचारला नाही. बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि म्हणाले, "रडला होता तो आचारी, वयनी. चर्च झाडणाऱ्या म्हाताऱ्याने मला मुद्दाम सांगितलं होतं. लोक ते विसरतात."

मग काचेपलीकडे गेले. मागे वळून बघण्याची त्यांना सवय नव्हती.

चार वर्षांनी ते वारल्याचं वेंगुर्ल्याच्या एका खलाशाकडून कळलं. तोवर मुलीची शाळा तिथेच पूर्ण झाली होती, नवऱ्याला किनाऱ्यावर नोकरी मिळाली होती. मी जे केलं त्याने जे साधायचं ते साधलं, हे मी नाकारणार नाही.

बापूंची केबिन नानांनी मला दिली. टेबल, फिरती खुर्ची, रस्त्याच्या बाजूची खिडकी. पहिल्या दिवशी मी त्यांचे कप्पे रिकामे करून माझ्या फायली लावल्या. दुपारपर्यंत आटोपलं. मी रडले मात्र नव्हते.